कपाटाच्या दारावरचं चर्च

"कावळा आहे!" पॉलिन ओरडली. "बघा, सगळ्यांनी या, बघा. कावळा आहे आणि मी नाही!"

फ्रेम घरात येऊन पाच मिनिटंसुद्धा झाली नव्हती. दुबईतल्या अल कुसैसच्या फोटोवाल्याने ती जाड प्लॅस्टिकात गुंडाळून पाठवली होती आणि नात बेव्हर्लीने मोठ्या हौसेने ते प्लॅस्टिक फाडलं होतं. आतून निघालं आयर्लंडमधलं ते जुनं दगडी चर्च. सात-आठशे वर्षांचं, चौकोनी मनोऱ्याचं. वर काळं आभाळ, पुढे ओलं गवत, गवतात कबरींवरचे कलते क्रूस आणि एका क्रुसावर ऐटीत बसलेला कावळा. माणूस एक नाही.

"ग्रॅनी, इट्स अ गिफ्ट फॉर यू," सतरा वर्षांची बेव्हर्ली म्हणाली. "स्कूल एक्झिबिशनमध्ये सेकंड प्राइझ मिळालं याला."

"पहिलं मिळालं असतं, मी असते तर."

"बट ग्रॅनी, द फ्रेम नीडेड टु बी एम्प्टी."

"एम्प्टी! मग त्याला कुणी बसवलं तिथे?" पॉलिनने कावळ्याच्या चोचीवर बोट ठेवलं. "त्याला नाही म्हणालीस, जरा सरक म्हणून?"

ते सरकणं पॉलिन विसरली नव्हती. जुलैमधली गोष्ट. ती त्या चर्चच्या दारापुढे चांगली नऊवारीची घडी नीट करून उभी राहिली होती, डोक्यावरून पदर घेऊन, हातात जपमाळ धरून. आणि ही पोरगी डोळ्याला कॅमेरा लावून म्हणत होती, ग्रॅनी, लिटल लेफ्ट. ग्रॅनी, अजून लेफ्ट. ग्रॅनी, प्लीज. लेफ्टला जाता जाता एकाहत्तर वर्षांची बाई एका झाडामागच्या कचऱ्याच्या डब्यापाशी जाऊन पोचली, आणि तिथे घरातल्या चौघांची जाकिटं हातात घेऊन पावसात उभी राहिली. तिला वाटलं, पोरगी आधी नुसतं चर्च काढत असेल, मग मला बोलावेल. कुणी बोलावलं नाही.

पॉलिन तुस्कानोची शाळा तिसरीतच सुटली होती. लिहिता येत होती ती दोन नावं, स्वतःचं आणि नवऱ्याचं. बाकी जगाने वाचावं, तिने ऐकावं आणि मग तिने बोलावं अशी वाटणी होती. तिच्या बोलण्याला वसईपासून दुबईपर्यंत सगळे टरकून असत. पण त्या दिवशी ती कचऱ्याच्या डब्यापाशी गप्प उभी राहिली, कारण ज्या कामासाठी आली होती ते फोटोपेक्षा मोठं होतं.

काम लिओनार्डचं होतं.

लिओनार्ड, तिचा नवरा, रुवैसला फिटर होता. अबुधाबीच्याही पार पलीकडे, वाळू संपून समुद्र लागतो तिथे तेलाचे कारखाने आहेत, त्यातल्या एकात. बावीस वर्षं तो तिथल्या कॅम्पात एका खोलीत तिघांबरोबर राहिला आणि पॉलिन वसईला सासरची माणसं, त्याची केळीची बाग आणि त्याचा पोरगा सांभाळत राहिली. तेव्हा रुवैसला चर्च नव्हतं. महिन्या-दोन महिन्यांनी अबुधाबीहून फादर आले तर आले. मग त्याचा आयरिश सुपरवायझर एकदा सुट्टीवरून येताना स्वतःच्या गावच्या चर्चचं पोस्टकार्ड घेऊन आला. लिओनार्डने ते आपल्या लोखंडी कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवलं. दर शुक्रवारी कपाट उघडायचं, आणि वसईचे, गोव्याचे, केरळचे आठ-नऊ बाप्ये त्या उघड्या दारापुढे गुडघे टेकून जपमाळ म्हणायचे. जप झाला की दार बंद. "सगळ्यांच्या गावात चर्च आहे, पण चावी माझ्या एकट्याच्याच खिशात आहे," असं तो पत्रात लिहायचा. शेजारची मास्तरीण पत्र वाचून दाखवायची आणि पॉलिन तोंडाला पदर लावून हसायची.

चार वर्षांपूर्वी नाकात नळी असताना तोच लिओनार्ड तिला म्हणाला, "त्या चर्चात माझी एक मिस्सा ठेव गं." तिने हो म्हटलं. पॉलिनचं हो म्हणजे स्टॅम्पपेपर. मेलेल्या माणसाच्या आत्म्यासाठी फादर मिस्सा अर्पण करतात, त्यात त्याचं नाव घेतात. ते नाव त्या चर्चात घेतलं जावं एवढंच त्याचं मागणं होतं. पोस्टकार्डाच्या पाठीवर गावाचं नाव होतं. रॉयडनने, तिच्या मुलाने, ते शोधून काढलं, व्हिसे काढले, रजा काढली आणि आईला घेऊन गेला. म्हणून तर ती पावसात उभी राहिली, म्हणून तर गप्प बसली.

"बेव्ह," आता पॉलिन म्हणाली, "खिळा आण. मी असो नसो, तुझ्या आजोबाचं चर्च आहे. आज रोझरीला सगळ्यांना दिसू दे."

ऑक्टोबर म्हणजे जपमाळेचा महिना. आसपासच्या बिल्डिंगींतली वसईची आठ-दहा कुटुंबं रोज एकेकाकडे जमत, मरियामातेची मूर्ती या घरातून त्या घरात जाई. आज पाळी तुस्कानोंची होती. किचनमध्ये सून संजना चणे उकडत होती, कारण जपानंतर चणे-खोबरं वाटल्याशिवाय वसईचा माणूस घरी जात नाही.

रॉयडन ऑफिसचा फोन कानाला लावून बेडरूममधून बाहेर आला. फ्रेम बघितली आणि फोनवरच्या माणसाला म्हणाला, "खलास, खलास, आय विल कॉल यू."

"आई, हे इथे नको."

"का?"

"नाही म्हणजे… मूर्तीच्या ऑल्टरमागे डार्क दिसतं. बेव्हच्या रूममध्ये लावू या."

"तुझ्या बापाचं चर्च पोरीच्या खोलीत? त्या केसवाल्या गाणाऱ्यांच्या पोस्टरांशेजारी?"

"आई, राहू दे ना," संजना किचनच्या दारातून म्हणाली. "रॉयडन म्हणतोय तर."

नवरा-बायकोने एकमेकांकडे बघितलं. ते बघणं पॉलिनने टिपलं. हिला माणसांत चार गोष्टी सांगू दिल्या तर लाज जाईल, असं वाटत असणार यांना. हिचं इंग्लिश नाही, ही मोठ्याने बोलते, ही चण्याच्या वाटीत बोटं घालते. तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"रॉय, खिळा तू ठोकतोस की मी लाटण्याने ठोकू?"

रॉयडनने खिळा ठोकला. बोटावर एकदा हातोडीही मारून घेतली. पॉलिनला त्याचं मुळीच वाईट वाटलं नाही.

सात वाजता माणसं जमली. चपलांचा ढीग लिफ्टपर्यंत गेला. जप हळू आवाजात झाला, भिंतीपलीकडे शहनाझचं घर होतं आणि तिचं तान्हं बाळ नुकतंच झोपलेलं असे. पाचही रहस्यं, मरियामातेच्या नावांची लितनी, शेवटचं गाणं. मग चणे फिरले आणि पॉलिन खुर्चीत सरसावून बसली.

"ते चर्च बघितलंत ना? आमच्या लिओनार्डचं. रुवैसला कपाटात होतं ते. मी स्वतः जाऊन आले. दारात पाय ठेवला आणि गुडघेच टेकले. मिस्सा ठेवून आले त्याची. मिस्सेच्या पैशांच्या पाकिटावर माझ्या हाताने नाव लिहिलं."

"नशीब लागतं पॉलिन," डाबरेबाई म्हणाल्या. मिसेस डाबरे म्हणजे पॉलिनच्याच वयाच्या, शेजारच्या गावच्या आणि गेली पन्नास वर्षं तिच्याशी बरोबरी करणाऱ्या. त्या लेकीकडे गेल्या असताना फ्रान्सला लूर्दच्या तीर्थाला जाऊन आल्या होत्या, तेव्हा वर्षभर दुसरं बोलल्या नव्हत्या. "पण आत कसं आहे गं? आमच्या लूर्दला तर डोळे दिपतात."

आत कसं आहे? पॉलिनने आणखी एक चणा तोंडात टाकला. खरं म्हणजे आत तिला चुकल्यासारखं वाटलं होतं. दारापाशी पवित्र पाण्यात बोटं बुडवायला गेली तर भांडं कोरडं. मरियामातेचा पुतळा कुठे दिसेना. कॅथलिक चर्चात आत पवित्र भाकर ठेवलेली असते, तिच्यापाशी लाल दिवा अखंड जळतो, तो दिवाही नव्हता. तिने रॉयडनला विचारलं होतं. तो म्हणाला, "दुरुस्ती चाललीय आई, सगळं आत नेऊन ठेवलंय."

"दुरुस्ती चालली होती," पॉलिन म्हणाली. "जुनं आहे ना. तुमच्या लूर्दसारखं कालचं नाही."

दोघीतिघी हसल्या. डाबरेबाई हसल्या नाहीत.

"बेव्हर्ली बाळा, बाकीचे फोटो लाव ना टीव्हीवर. बघू तरी."

"नको, नेट स्लो आहे," रॉयडन म्हणाला.

"नो डॅड, इट्स फाइन," बेव्हर्ली म्हणाली आणि तिने फोनवरून टीव्ही लावलासुद्धा.

चर्च डावीकडून. चर्च उजवीकडून. चर्चच्या खिडकीची रंगीत काच. कावळा. परत कावळा. बाजूला संजना छत्री सावरताना. मग चर्चचं दार, दारात रॉयडन, आणि त्याच्याशी बोलणारी एक उंच, पिकल्या केसांची, हसऱ्या तोंडाची बाई. काळा शर्ट, गळ्याला पांढरी पट्टी.

"ही कोण?" डाबरेबाई.

"सिस्टर आहे तिथली," पॉलिन म्हणाली. "तिच्याच हातात पाकीट दिलं रॉयने. फादर बाहेर गेले होते."

"सिस्टर?" डाबरेबाई खुर्चीतून उठून टीव्हीपाशी गेल्या. "सिस्टरच्या गळ्यात फादरची कॉलर कशी गं?"

"आयर्लंडला तशी घालत असतील."

आणि तेव्हा बेव्हर्ली, जिला घरातल्या घरात काय लपवलंय ते कुणी सांगायचंच विसरलं होतं, चणे खात खात म्हणाली, "शी इज नॉट अ नन, ग्रॅनी. शी इज द प्रीस्ट."

डाबरेबाईंनी टीव्हीवरच्या पांढऱ्या पट्टीवर बोट टेकवलं.

बाई प्रीस्ट. कॅथलिकांत बाई फादर होत नाही, हे त्या खोलीतल्या सहा वर्षांच्या पोरालाही ठाऊक होतं. बाई जिथे फादर, ते चर्च आपलं नव्हे.

"म्हणजे प्रोटेस्टंट," डाबरेबाईंनी गूळ फोडावा तसा शब्द फोडला. "अगो बाय माझे! म्हणजे लिओनार्ड बावीस वर्षं प्रोटेस्टंटांच्या चर्चला हात जोडत होता? आणि तू तिथे मिस्सा ठेवून आलीस?"

पॉलिनने रॉयडनकडे बघितलं. एकदाच. रॉयडन बोटाला बांधलेली पट्टी न्याहाळत होता. तिला सगळं कळलं. पायाखालची फरशी सरकली. पण डाबरेबाई उभी असताना फरशी सरकली म्हणून पडायचं, हे तिच्या रक्तात नव्हतं.

"हात देवाला जोडले होते त्याने, भिंतीला नाही," ती म्हणाली. "आणि तू गं? तू जन्मभर कॅथलिक चर्चात जातेस, लूर्दचं पाणी बाटलीत भरून आणलंस. तुझ्या तोंडाला आला का त्याने काही गुण? चणे घे अजून. खोबरं जास्त घे, तोंड गोड होईल."

माणसं भराभर उठली. साडेआठला लिफ्टपाशी एकही चप्पल उरली नाही.

पॉलिन किचनमध्ये उभी राहिली. ओट्यावर रिकाम्या वाट्यांची चळत होती.

"कधी कळलं तुला?"

"आई, बस ना आधी."

"कधी?"

"तिथेच. दारात," रॉयडन म्हणाला. "त्या बाईनेच सांगितलं. जवळजवळ पाचशे वर्षांपूर्वी राजाने घेतलं ते चर्च, तेव्हापासून त्यांचं आहे. तिथली जुनी सगळी चर्चेस तशीच आहेत. आपल्याला कसं माहीत असणार? आयरिश म्हणजे कॅथलिक, असंच धरून चाललो. पप्पा पण तसेच चालले."

"मग तिथेच मला का नाही सांगितलंस?"

"कारण तू आत गुडघे टेकून रडत होतीस!" रॉयडनचा आवाज चढला. "पप्पा गेले तेव्हा नाही रडलीस. मातीला नाही रडलीस. चार वर्षांत पहिल्यांदा रडत होतीस. काय सांगायचं होतं मी? ऊठ, चुकीच्या ठिकाणी रडतेयस?"

"हो! असंच सांगायचं होतं!" पॉलिनने ओट्यावर हात आपटला, वाट्या खणखणल्या. "मी रडले ते माझं होतं. त्याच्यावर तुझ्या थापेचं पांघरूण कुणी मागितलं होतं? दिवा दुरुस्तीला, मरियामाता दुरुस्तीला! अरे, मला दिसत होतं सगळं. माझे डोळे सांगत होते. मी डोळ्यांना गप्प केलं, का तर माझा मुलगा सांगतोय. मी आंधळी नव्हते रॉय, तू केलंस. आणि तीन महिने मी सगळ्या दुबईला सांगत फिरले, वसईला बहिणीला फोन करकरून सांगितलं. आज त्या डाबरेणीच्या तोंडून ऐकायची वेळ आणलीस."

संजना मध्ये पडली. "आई, त्याचा हेतू वाईट नव्हता."

"हेतूचं तू बोलू नकोस. तू पण होतीस त्या दुरुस्तीत." मग पॉलिनला एकदम आठवलं. "पाकीट? पाकिटाचं काय केलं तिने?"

रॉयडन वाट्या एकात एक घालू लागला.

"शी डिडन्ट टेक इट," बेव्हर्ली दारातून हळूच म्हणाली. तिचा चेहरा रडवेला झाला होता. "ती म्हणाली, त्यांच्याकडे तशी मिस्सा नसते, सो शी कान्ट टेक मनी. पण संडेला प्रेयरमध्ये ग्रँडपाचं नाव घेईन म्हणाली. हाउ टु से इट, ते पण विचारलं तिने. दोनदा."

"घेतलं असेल तर भलं होवो तिचं," पॉलिन म्हणाली. "बाई खरी निघाली. मिस्सा नाही तर नाही म्हणाली. पाकीट कुठाय, रॉय?"

रॉयडन आत गेला आणि सूटकेसच्या चेनच्या कप्प्यातून पाकीट घेऊन आला. पांढरं, कोपरा दुमडलेलं, चिकटवलेलं तसंच. वर मोठ्या, वाकड्या अक्षरांत "लिओनार्ड". हॉटेलच्या टेबलावर सगळी संध्याकाळ घालवून लिहिलेलं, "र्ड" तीनदा गिरवलेला.

म्हणजे मिस्सेत नाव कुठेच घेतलं गेलं नव्हतं. जुलैपासून तिचा नवरा सूटकेसमध्ये पडून होता.

पॉलिनने पाकीट पोलक्यात खोचलं आणि खोलीचं दार लावून घेतलं.

त्यानंतर चार दिवस ती रॉयडनशी एक शब्द बोलली नाही. सांगायचं असेल ते फ्रिजला सांगायची. "फ्रिजा, तुझ्या मालकाला म्हणावं, डबा विसरलाय." रॉयडन फ्रिजला थँक्यू म्हणायचा. भिंतीवरची फ्रेम काढायला तो दोनदा गेला. दोन्ही वेळा ती आतून खाकरली.

दिवसभर एकटी असली की ती त्या फ्रेमपुढे खुर्ची घेऊन बसे. एका मांडीवर पोस्टकार्ड, एका मांडीवर पाकीट. पोस्टकार्डाच्या चारी कोपऱ्यांना जुना डिंक पिवळा होऊन चिकटला होता, कपाटाचा हिरवा रंगही खरवडून आला होता. चर्चशी तिचं भांडण चाले. तू आमचं नव्हतंस तर बावीस वर्षं गप्प का बसलंस? आता मी त्याच्या मिस्सेचं काय करू? हो म्हटलंय मी. मेलेल्या माणसाला दिलेलं हो परत घ्यायला कुठे जायचं असतं?

चर्चने उत्तर दिलं नाही. कावळाही गप्प होता.

गुरुवारी दुपारी ती पोस्टकार्डावरचा हिरवा रंग नखाने खरवडता खरवडता थांबली. हिरवा पोपडा बोटावर घेऊन उजेडात धरला. चर्चवर हिरवं काही नव्हतंच. हे कपाट होतं.

रॉयडन संध्याकाळी आला तेव्हा ती हॉलच्या मध्यभागी उभी होती आणि फ्रिजशी नाही, त्याच्याशी बोलली.

"तुझा बाप त्या दगडांपुढे कधी उभा राहिला?"

"अं? कधीच नाही. पप्पा आयर्लंडला कुठे गेले होते?"

"मग कुठे उभा राहिला?"

रॉयडनने बॅग खाली ठेवली. "कपाटापुढे."

"कपाट कुठे होतं?"

"रुवैसला."

"शनिवारी गाडी काढ," पॉलिन म्हणाली. "आणि गाडीत मला काही समजावू नकोस. तोंड उघडायचं ते पेट्रोल भरायला."

अल कुसैसहून रुवैस म्हणजे चार तासांची वाळू. अबुधाबी मागे पडली, मग नुसत्या विजेच्या तारा, उंटांची कुंपणं, एखादा पेट्रोल पंप. बेव्हर्ली मागे संजनाशेजारी कॅमेरा मांडीवर घेऊन बसली होती. पॉलिन पुढे बसली, सगळा वेळ. एकदा फक्त म्हणाली, "या रस्त्याने तो बसमध्ये बसून सुट्टीवर यायचा. दोन वर्षांतून एकदा," आणि काच खाली करून बाहेरची गरम हवा आत घेतली. एसी वाया जातो असं कुणी म्हणालं नाही.

रुवैसला आता चर्च आहे. ती आत शिरताना दारात थबकली. पवित्र पाण्याच्या भांड्यात बोटं बुडवली, ओली झाली. लाल दिवा आधी शोधला, मग गुडघे टेकले. फादर मलयाळी होते, तरुण. मिस्सेआधी तिने त्यांच्यापुढे पाकीट धरलं आणि रॉयडनला सांगितलं, "सांग त्यांना, हा इथलाच माणूस आहे. नाव पूर्ण घ्या म्हणावं. लिओ नको."

पोस्टकार्डाबद्दल त्यांना विचारावं का, असं तिच्या मनात आलं. इतकी वर्षं ते आठ-नऊ जण ज्याच्यापुढे गुडघे टेकत होते, ते मोजलं जाईल की नाही? पण विचारलं तर उत्तर ऐकावं लागतं. आणि या बाबतीत उत्तर द्यायला फादरचं वय फार लहान होतं.

मिस्सेत नाव आलं. मलयाळी वळणाचं, पण पूर्ण आलं. पॉलिन रडली नाही. तिने मान एकदा खाली केली, हिशोब पटल्यासारखी, आणि वर केली.

"आता कॅम्प," ती म्हणाली.

कॅम्प राहिला नव्हता. रॉयडनने बापाच्या जुन्या दोस्ताला फोन करून जागा विचारून घेतली होती. तिथे आता तारेचं उंच कुंपण, आत पाइपांचे ढीग आणि लांबवर कारखान्याच्या चिमण्या. गाडी थांबली. पॉलिन खाली उतरली, पोस्टकार्ड हातात. ऊन टाळूवर बसलं.

"ग्रॅनी," मागून बेव्हर्ली म्हणाली, "स्टँड देअर. जस्ट देअर. राइट इन द मिडल." आणि तिने कॅमेरा डोळ्याला लावला.

कुंपणापलीकडच्या केबिनमधून गार्ड धावत आला. निळा गणवेश, हातात वॉकीटॉकी. "नो फोटो! मॅडम, नो फोटो! इधर फोटो मना है! कॅमेरा अंदर!"

बेव्हर्लीने कॅमेरा झटकन खाली घेतला. रॉयडन दोन्ही हात वर करून "सॉरी भाई, सॉरी" करत पुढे झाला.

पॉलिनला हसूच आलं, पण कडू. जे चर्च आपलं नव्हतं, तिथे हवे तेवढे फोटो, फक्त म्हातारी बाजूला हवी. आणि जे आपलं होतं, तिथे म्हातारी मधोमध उभी, तर फोटो मना.

"ए भाई," ती तिच्या हिंदीत गार्डला म्हणाली, "फोटो नको तर नको. मेरा आदमी इधर रहता था. बाईस साल. इधर उसका चर्च था."

गार्डने मागे वळून पाइपांच्या ढिगाकडे बघितलं. "इधर? इधर चर्च नहीं था, माताजी."

"था. दरवाजे के अंदर."

त्याला काही कळलं नाही. पण त्याच्याही घरी कुणी म्हातारी असावी. त्याने केबिनकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. "दो मिनट खडे रहो. सिर्फ दो मिनट. फिर जाना है."

पॉलिनने कुंपणाच्या तारेत पोस्टकार्ड अडकवलं. डिंकाचे पिवळे कोपरे तारेला टेकले. पोलक्यातून जपमाळ काढली. रॉयडन तिच्या डाव्या बाजूला येऊन उभा राहिला, संजना त्याच्या मागे, बेव्हर्ली कॅमेरा पाठीमागे लपवून.

"सुरू कर," पॉलिन रॉयडनला म्हणाली.

त्याने सुरू केलं. मागच्या संजनालाही नीट ऐकू आलं नाही.

"मोठ्याने. दिवा दुरुस्तीला नेलाय म्हणालास तेव्हा कसा खणखणीत निघाला होता."

"आई…"

"मोठ्याने, रॉय. त्याला ऐकू जायला हवं. आणि थाप मारलीस त्याची माफी माझ्याकडे मागू नकोस, मी देणार नाही अजून. त्याच्याकडे माग. तो माझ्यापेक्षा मऊ होता."

रॉयडनने डोळे मिटले आणि मोठ्याने म्हटलं. पॉलिनने उत्तर दिलं. एक मणी झाला. दुसरा झाला. पोस्टकार्ड वाऱ्याने फडफडलं तेव्हा तिने ते एका बोटाने दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताने मणी ओढत राहिली.

दहा मणी झाले तेव्हा गार्ड खाकरला. मनगट वर केलं.

पॉलिनने जप न थांबवता मान वळवून त्याच्याकडे बघितलं. डाबरेबाईंकडे बघायची तसंच बघितलं.

गार्डने मनगट खाली केलं आणि टोपी सारखी करत सावलीच्या बाजूला सरकला. एक पाऊल, मग आणखी एक.

"अजून," पॉलिन त्याला म्हणाली. "थोडा लेफ्ट."

मग तिने पुढचा मणी धरला. पन्नासांतले चाळीस उरले होते.